ओव्हनविना तिरामिसू : चक्का, आंबा आणि घरखर्चाची वही

जपानात नव्याने संसार थाटणाऱ्या मराठी गृहिणीला पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी उमगतात. पहिली म्हणजे भाड्याच्या घरात बहुधा ओव्हन नसतो. शेगडीच्या पोटात जो लांबट खण दिसतो तो मासे भाजण्यासाठी असतो, आणि त्यात नानकटाई भाजायला गेल्यास काय वास येईल ते सांगायला नको. दुसरी गोष्ट अशी की इथे फळे बहुधा किलोवर नव्हे, नगावर विकली जातात. एका आंब्याची किंमत वाचून आपण आधी शून्ये मोजतो आणि मग तो आंबा अलगद जागेवर ठेवतो. या दोन्ही अडचणींतून वाट काढणारा एक गोड पदार्थ मी गेली काही वर्षे करीत आहे. आपल्या विभागाचे नाव आरोग्य आणि अर्थकारण असे असल्याने नुसती कृती देऊन भागणार नाही, म्हणून त्याचा दोन्ही अंगांनी हिशेबही मांडते.

पदार्थ इटलीचा, नाव तिरामिसू. अर्थ साधारण 'मला वर ओढ', म्हणजे मरगळ घालवणारा. व्हेनिसजवळच्या त्रेव्हीझो गावातील 'ले बेकेरिए' या उपाहारगृहात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस तो प्रथम झाला असे बहुतेक मानतात. शेजारचा फ्रिउली प्रांत मात्र हे मान्य करीत नाही. आपल्याकडे पुरणपोळी आणि होळिगेवरून दोन प्रांतांत जसे प्रेमाचे भांडण चालते, तसेच हे. त्रेव्हीझोच्या कृतीत बारा अंड्यांचे बलक, अर्धा किलो साखर आणि एक किलो मस्कारपोने असते. शिवाय कॉफीत बुडवलेली लांबट बिस्किटे आणि वर कोको. भाजणे नाही, थर लावायचे आणि थंड करायचे.

जपानात हा पदार्थ आला तोही मोठ्या गाजावाजाने. 'हानाको' हे टोकियोतील नोकरदार तरुणींचे साप्ताहिक १९८८ साली सुरू झाले होते. त्याने १९९० च्या वसंतात तिरामिसूवर मोठा विशेष विषय केला आणि शहरभर त्याचे वेड पसरले. गंमत अशी की शेअरबाजाराचा फुगा तेव्हा नुकताच फुटू लागला होता. १९८९ च्या डिसेंबरअखेर निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला, आणि तो आकडा पुन्हा ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. बाजार घसरत असताना 'मला वर ओढ' नावाची मिठाई घराघरांत पोचली. असो.

आता मूळ कृतीत आपल्याला अडचणी कोणत्या? कच्ची अंडी ही पहिली. इथे अंड्यांवर छापलेली तारीख कच्चे खाण्यासाठीची असते आणि जपानी माणूस गरम भातावर कच्चे अंडे फोडून आनंदाने खातो. तरीही गरोदर बाई, लहान मूल, वृद्ध माणूस यांना कच्चे अंडे देऊ नये हे माझे ठाम मत आहे. शिवाय आपल्यातील निम्म्या घरांत अंडे चालतच नाही. दुसरी अडचण दारूची. ती त्रेव्हीझोच्या कृतीत नाही, पण दुकानातल्या तिरामिसूत अनेकदा असते. तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे मस्कारपोने.

याला चीज म्हणतात खरे, पण प्रत्यक्षात ती आम्ल घालून घट्ट केलेली आणि पाणी निथळलेली साय आहे. शंभर ग्रॅममध्ये साधारण ४५ ग्रॅम स्निग्धांश. म्हणजे अर्धा भाग जवळजवळ तूपच म्हणा ना! आमच्या परिसरात २५० ग्रॅमच्या डब्याला सातशे येनच्या आसपास पडतात.

या आकड्यांकडे माझे लक्ष गेले त्याला कारण ह्यांची वार्षिक तपासणी. जपानात ४० ते ७४ वयाच्या लोकांसाठी २००८ च्या एप्रिलपासून एक विशेष आरोग्यतपासणी सुरू झाली. लोक तिला 'मेताबो' तपासणी म्हणतात. बेंबीपाशी कंबर मोजतात. पुरुषांना ८५ सेंटिमीटर आणि बायकांना ९० ही सीमा. ह्यांची भरली ८८, आणि एचबीएवनसी ६.१. इथे ५.६ पासूनच सावध करतात आणि ६.५ ला मधुमेहाचा शिक्का बसतो. वजन पाहिले तर ह्यांना कोणी स्थूल म्हणणार नाही. परंतु आपल्या भारतीयांच्या बाबतीत वजनकाट्यावर विसंबण्यात अर्थ नाही. आपल्याकडे कमी वजनातही पोटावर मेद साठतो आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणूनच भारतात बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात.

कंपनीच्या आरोग्यपरिचारिकेने, म्हणजे होकेन्शी बाईंनी, गोड बंद करा असे मुळीच सांगितले नाही. दोन आठवडे जे जे खाल ते लिहून आणा, एवढेच म्हणाल्या. घरात वही होतीच, घरखर्चाची. जपानी भाषेत तिला काकेइबो म्हणतात. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली गृहिणींसाठी अशी छापील वही काढली, आणि आजही नववर्षाच्या सुमारास पुस्तकांच्या दुकानांत अशा वह्यांचे ढीग लागतात. मी त्याच वहीत येनच्या रकान्याशेजारी उष्मांकांचा आणखी एक रकाना आखला. पैसे कुठे जातात आणि मेद कुठून येतो, हे दोन्ही एकाच पानावर दिसू लागले. ज्यांना आरोग्याचा आणि पैशाचा हिशेब वेगवेगळा वाटतो त्यांनी एक महिना हा प्रयोग करून पाहावा.

त्याच सुमारास सासूबाई पुण्याहून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आल्या होत्या. त्यांना अंडे वर्ज्य, साखरेवर गोळी चालू, आणि नातवाच्या वाढदिवसाला "काहीतरी तिकडचं कर" हा आग्रह. मस्कारपोनेच्या जागी मी चक्का टांगला. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, इटलीचं म्हणतेस आणि हे तर आपलं श्रीखंडच की!" बोलणे खोटे नाही. बिस्किटांच्या थरांत बसवलेले, साखर आवरलेले आम्रखंड, असेच याचे वर्णन करावे लागेल.

चक्क्यासाठी इथल्यासारखे सोयीचे दही नाही. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात बल्गेरियाच्या दालनात मेइजी कंपनीच्या लोकांनी तिथले दही चाखले. १९७१ साली त्यांनी साधे दही बाजारात आणले आणि १९७३ पासून ते बल्गेरियाच्या नावाने विकले जाऊ लागले. आज कोणत्याही दुकानात ४०० ग्रॅमचे डबे मिळतात, याच कंपनीचे वा दुसऱ्या कोणाचे. घेताना डब्यावर 'मुतो' म्हणजे बिनसाखरेचे आहे ना, ते पाहावे. 'कातो' असेल तर साखर घातलेली आहे. घटकांच्या यादीत 'झेरातिन' दिसले तर शाकाहारी मंडळींनी डबा परत ठेवावा, कारण ते जनावराच्या हाडाकातड्यापासून होते. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. जो पदार्थ पहिला तो सर्वांत जास्त. अंडे, दूध, गहू यांचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे. 'तामागो', 'झेरातिन' आणि 'योशु', म्हणजे विदेशी मद्य, हे तीन शब्द जपानी लिपीत एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवले की भाषा न येणाऱ्या नव्या बाईलाही खरेदी जमते.

आठ जणांसाठी साहित्य असे. दह्याचे ४०० ग्रॅमचे दोन डबे, दुधाची ३५ टक्के स्निग्धांशाची क्रीम १०० मिलिलिटर, साखर ६० ग्रॅम, मारी बिस्किटे १४० ग्रॅम, गोठवलेल्या आंब्याच्या फोडी ४०० ग्रॅम, संत्र्याचा बिनसाखरेचा रस १५० मिलिलिटर, वेलदोड्याची पूड, केशराच्या चार काड्या, मूठभर पिस्ते. क्रीम घेताना खोक्यावर नीट पाहावे. 'होइप्पु' असे लिहिलेले स्वस्त खोके बहुधा वनस्पती तेलाचे असते. ते फुगते छान, पण जिभेवर मेणासारखे बसते. मी घेत नाही.

दही आदल्या रात्री बांधावे. मलमलीचा तुकडा नसला तर चाळणीत स्वयंपाकाचा जाड कागद दुहेरी अंथरावा, खाली खोल भांडे ठेवावे, दही ओतून वर बशी ठेवावी आणि सगळे फ्रीजमध्ये सरकवावे. खुंटीला टांगण्याचा मोह इथे उन्हाळ्यात आवरावा. सकाळी ८०० ग्रॅमचा साधारण ४०० ग्रॅम चक्का होतो. खाली निथळलेले पाणी फेकू नका, त्याचे पुढे सांगते.

आंब्याच्या फोडीही फ्रीजमध्येच चाळणीत सुटू द्याव्यात. गोठवलेले फळ सुटताना बराच रस सोडते. तो थरांत गेला तर तळाशी तळे साचते. हा रस संत्र्याच्या रसात मिसळला की बिस्किटे बुडवायला उत्तम. चक्का पुरणयंत्रातून काढायची गरज नाही, लाकडी चमच्याने फेटला तरी पुरे. त्यात साखर, वेलदोडा आणि चमचाभर कोमट दुधात खललेले केशर घालावे. क्रीम वेगळी, थंड भांड्यात, मऊ शिखर उभे राहीपर्यंत फेटावी आणि चक्क्यात हलक्या हाताने उलथनीने मिसळावी. इथे घाई केली तर हवा निघून जाते आणि पदार्थ पीठल्यासारखा बसतो.

वीस सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात थर लावावेत. बिस्किट रसात दोन सेकंदच बुडवायचे, चहात बुडवतो तसे रेंगाळायचे नाही. बिस्किटांचा थर, त्यावर अर्धा चक्का, त्यावर अर्ध्या फोडी, पुन्हा बिस्किटे, उरलेला चक्का, वर उरलेल्या फोडी आणि पिस्त्याचे काप. झाकण लावून निदान सहा तास, शक्य तर रात्रभर थंड करावे. बिस्किट चक्क्यातले पाणी शोषून केकसारखे मऊ होते. खरी कृती त्या सहा तासांतच घडते, आपण फक्त वाट पाहायची. लांबट इटालियन बिस्किटांत आणि इथल्या कास्तेला केकमध्ये अंडे असते. ज्यांना चालते त्यांनी कास्तेला जरूर वापरावा, चव सरस येते. मारीच्या पुड्यावरची यादी मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी, ती वाचूनच घ्यावी. भारतीय दुकानातले पार्ले-जी चालते, पण ते लवकर विरघळते, म्हणून रस ब्रशने लावावा.

आता वहीचे पान. मागच्या खेपेला आमच्या भागातील दराने दही ३८० येन, अर्धे खोके क्रीम २००, आंबा ४४०, बिस्किटे १९०, रस ४० आणि साखर, मसाला मिळून २०. एकूण १,२७० येन, म्हणजे वाटणीला सुमारे १६० येन. पिस्ते आणि केशर पुण्याहून आलेले, ते धरलेले नाहीत. दुकानात तिरामिसूचा एक तुकडा साडेपाचशेच्या आसपास मिळतो. मंडळाच्या कार्यक्रमाला चाळीस पाने धरली तर घरचे पाच डबे ६,३५० येनला होतात आणि विकतचे तुकडे २२,००० ला. साडेपंधरा हजारांचा फरक! त्यात सभागृहाच्या भाड्याचा बराच भाग निघतो. आणखी एक बारीकशी गोष्ट. २०१९ च्या ऑक्टोबरात इथला उपभोगकर १० टक्के झाला, तेव्हा घरी नेण्याच्या खाद्यपदार्थांवर तो ८ च ठेवला. म्हणून तोच केक दुकानात बसून खाल्ला तर कर जास्त आणि डब्यात घालून नेला तर कमी, अशी मजा सुरू झाली.

आरोग्याचा रकाना जरा सविस्तर सांगते, कारण इथे गैरसमज फार. वरच्या मापात एका वाटणीला साधारण २३५ उष्मांक आणि नऊ ते दहा ग्रॅम स्निग्धांश पडतो. चक्का आणि क्रीमच्या जागी ४०० ग्रॅम मस्कारपोने घातले असते तर नुसत्या त्याचाच स्निग्धांश वाटणीला २२ ग्रॅमच्या वर गेला असता. शिवाय चक्क्याने थोडी प्रथिने मिळतात. इथवर सगळे चांगले. परंतु मधुमेह्याच्या दृष्टीने पाहायचे तर बिस्किटे, साखर, आंबा आणि रस मिळून वाटणीला सुमारे ३३ ग्रॅम कर्बोदके होतात. मध्यम आकाराच्या दीड पोळीपेक्षा ती जास्तच आहेत. दह्याचा आहे, फळाचा आहे म्हणून दोन वाट्या घ्या, हा आग्रह कृपा करून कोणी करू नये. सासूबाईंना मी अर्धी वाटणी देते आणि त्या जेवणात एक पोळी कमी करते. त्या कुरकुरतात, पण ऐकतात. साखरेऐवजी मध घातला म्हणजे पदार्थ औषधी होतो असेही नाही. रक्तातली साखर मधानेही वाढते. आणि वर्षाच्या आतील बाळाला मधाचा पदार्थ कधीही देऊ नये. २०१७ साली टोकियोत मधातून झालेल्या बोट्युलिझमने एका अर्भकाचा जीव गेला. मधाच्या बाटलीवर ही सूचना छापलेली असते, ती शोभेसाठी नाही.

ह्यांचा पुढच्या तपासणीतला आकडा ५.८ आला. त्याचे श्रेय मी चक्क्याला देणार नाही. एक स्टेशन आधी उतरून चालत यायचे आणि रात्रीचा दुसरा भात बंद, हे त्यातले मुख्य. पण घरात गोड पूर्ण बंद झाले असते तर माणूस कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या अष्टौप्रहर दुकानात, चोरून क्रीमपाव खाऊ लागतो. रविवारी मोजून मिळणाऱ्या या चौकोनाने ते टळले, एवढे मात्र म्हणता येईल.

फळांविषयी थोडे. जपानात फळ हे रोजच्या आहारापेक्षा भेटवस्तू म्हणूनच जास्त वाढले आहे. निहोनबाशीचे सेम्बिकिया हे फळांचे दुकान १८३४ पासूनचे, तिथले डबे दागिन्यांसारखे मांडलेले असतात. होक्काइदोच्या युबारी खरबुजांची एक जोडी २०१९ च्या लिलावात पन्नास लाख येनला गेली होती. मियाझाकीचे आंबे झाडावरच जाळीत पिकून पडेपर्यंत थांबतात, आणि किंमतही तशीच थांबून विचार करायला लावते. थरांच्या पदार्थाला असले देखणे फळ लागत नाही. 'वाकेआरी', म्हणजे डाग किंवा वेडावाकडा आकार असल्याने स्वस्त विकलेले फळ घ्यावे. कापल्यावर कोणाला कळणार? हिवाळ्यात मिकान, डिसेंबर ते मे स्ट्रॉबेरी, जुलै-ऑगस्टात पीच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काकी, असे ऋतूप्रमाणे फिरावे. काकी गोड जातीची आणि चांगली पिकलेली असावी. तिच्यावर किनाको, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचे पीठ, भुरभुरले की आपल्या बेसनलाडवाची आठवण येते. पीचबरोबर साखर ४० ग्रॅम पुरते. ताजे किवी, अननस आणि पपई मात्र चक्क्यात घालू नयेत. त्यांतील पाचकद्रव्ये दुधाची प्रथिने तोडतात आणि थोड्याच वेळात थर कडू आणि पातळ होतो. गोठवल्याने हा गुण जात नाही, डब्यातल्या शिजवलेल्या अननसाचा मात्र जातो.

हापूसचे काय, असे कोणी विचारीलच. फळमाशीच्या भीतीने जपानने १९८६ मध्ये भारतीय आंब्याला दार लावले होते, ते वीस वर्षांनी, २००६ साली उघडले. तेही गरम वाफेची प्रक्रिया केलेल्या ठरावीक जातींसाठी. कधी ताजा हापूस हाती लागलाच तर तो थरांत घालण्याचे पाप करू नका, तसाच चोखून खा. भारतीय दुकानात डबाबंद रस मिळतो. त्यात बहुधा साखर असते, तेव्हा तो वापरल्यास कृतीतली साखर पूर्ण वगळावी. अशा पातळ रसाचा थर बसत नाही. त्यासाठी कांतेन वापरावे. समुद्रवनस्पतीपासून होणारे हे कांतेन म्हणजे आपल्याकडचे चायना ग्रास, पूर्ण शाकाहारी. २५० मिलिलिटर रसाला दोन ग्रॅम कांतेनची पूड आधी अर्धी वाटी पाण्यात दोन मिनिटे उकळावी आणि मग कोमट रसात मिसळावी. गार रसात ओतली तर गाठी होतात.

कार्यक्रमाला नेताना एक काळजी घ्यावी. गणपती येतात तेव्हा टोकियोत घामाच्या धारा लागलेल्या असतात. डबा थंड पिशवीत, वरखाली बर्फाच्या पुड्या ठेवून न्यावा आणि पोचताच फ्रीजची सोय पाहावी. आरती लांबली तर प्रसादाच्या ताटाशेजारी तो मांडून ठेवू नये. वाढायच्या वेळीच बाहेर काढावा, आणि बाहेर तासाहून जास्त राहिलेला उरलासुरला घरी परत आणू नये. फ्रीजमध्ये दोन दिवस ठीक राहतो, तिसऱ्या दिवशी चक्का आंबटतो.

राहिले ते दह्याचे निथळलेले पाणी. दोन डब्यांतून जवळजवळ दोन वाट्या निघते. पोळ्यांची कणीक यात भिजवली तर पोळ्या मऊ होतात. बेसन, आले, हिरवी मिरची आणि कढीपत्ता घालून कढी केली तर दही वेगळे लागत नाही. मात्र पाणी आधीच आंबट असते, म्हणून चिमूटभर गूळ घालावा आणि उकळी न आणता मंद आचेवर ढवळत राहावे. कढीपत्ता गोठवलेला मिळतो, तोही चालतो.